बिनकाठाचा निळा

समुद्र आपली मर्यादा सोडत नाही, असं मोठी माणसं सांगत आली आणि लहान माणसं ते ऐकत मोठी झाली. त्या उतरत्या गल्लीतही तसंच चाललं होतं. गल्ली टेकडीवरून निघायची, वळणं घेत, दम खात हळूहळू खाली यायची आणि शेवटच्या घरापाशी पाय सोडून समुद्राकडे बघत बसायची. ते शेवटचं घर आईचं. आई म्हणजे रंगारणीची आई. पण गल्लीत सगळेच तिला आई म्हणत, समोरचा शिंपीसुद्धा. तो वयाने तिच्याहून थोरला होता, आणि हे कोणी बोलून दाखवलं की रुसून मशीन जोरात चालवायचा.

रंगारीण राहायची वर, टेकडीच्या अंगाला. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, बंद दारांवरचं "येथे गाडी लावू नये", सगळं तिच्या हातचं. हात वडिलांचा आला होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची अक्षरं अजून गल्लीभर उभी होती; ऊन खाऊन फिकी झालेली, तरी कणा ताठ असलेली.

एके दिवशी तिला नगराच्या कचेरीतून बोलावणं आलं. बोलावणारे माहितीसाहेब. लोकांना गोष्टी समजावून सांगणं हे त्यांचं काम, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं होतं, आणि त्या कामापायी बिचाऱ्यांचे केस पिकले होते. समुद्र चढतो आहे, हे त्यांनी गल्लीला सभा घेऊन सांगितलं, कर्णा लावून सांगितलं, चित्रं चिकटवून सांगितलं. लोक दर वेळी "बरं झालं सांगितलंत" म्हणाले आणि घरी जाऊन पंखा लावून झोपले. पालथ्या घड्यावर पाणी.

कचेरीतल्या काचेच्या टेबलापलीकडे पाणीबाई बसल्या होत्या. धक्क्यावरच्या खोलीत बसून समुद्राची उंची मोजणाऱ्या त्या बाई. बोलताना प्रत्येक शब्द तराजूत घालून मगच बाहेर काढायच्या.

"आता घराघराच्या भिंतीवरच रेघ मारायची," माहितीसाहेब म्हणाले. "पाणी इथवर येणार. डोळ्यांसमोर, रोज, उठता-बसता. बाई, आकडा द्या."

"एक आकडा नाही," पाणीबाई म्हणाल्या. "शेवटच्या घरात उभ्या माणसाच्या घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, नाहीतर छातीएवढं. जग धूर किती सोडतं, बर्फ किती वितळतं, त्या दिवशी वारा कुठला सुटतो, यावर आहे."

"मग मधला घेऊ."

"मधला म्हणजे खरा नव्हे."

"खरं काय ते तुम्ही बघा, कळेल काय ते मी बघतो." माहितीसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, 'कदाचित' म्हटलं की लोकांना 'नाही' ऐकू येतं. मी घरी सांगून निघतो, आज कदाचित लवकर येईन. बायको माझं ताट झाकूनच ठेवते."

पाणीबाई हसल्या नाहीत. पण पुढे बोलल्याही नाहीत. मग दोघांनी रंगारणीकडे पाहिलं. तिने एवढंच विचारलं, "रेघ किती जाड?"

"अंगठ्याएवढी," माहितीसाहेब म्हणाले.

गल्लीच्या खालच्या टोकाच्या सगळ्या घरांवर तिने निळी रेघ मारली, बाहेरून आणि आतूनही. उंची सारखी राहावी म्हणून गवंड्यांसारखी पारदर्शक नळी घेतली, तिच्यात पाणी भरलं. नळीचं एक टोक इथे धरायचं, दुसरं पलीकडच्या भिंतीशी. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीला येऊन थांबतं आणि तिथे खूण करायची. आईच्या घरात दुसरं टोक आईने धरलं.

"म्हणजे पाणीच सांगतंय म्हण की, मी कुठवर येणार ते," आई नळीत डोळा घालून म्हणाली.

"तसंच काहीसं."

"तुझे बाबा असते तर खूश झाले असते. दुकानदाराने 'ताजं' लिहायला सांगितलं तर आधी चाखून बघायचे. खोटी पाटी कधी लिहिली नाही त्यांनी."

रेघ खोलीभर फिरली. कपाटाच्या मधून गेली, दाराच्या चौकटीवर चढली, आणि आईचा पलंग होता तिथे बरोबर गादीच्या खालून निघून गेली. पलंग जुना, उंच, पायांखाली लाकडी ठोकळे. आईने वाकून पाहिलं, बोटं लावून पाहिलं. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरलं.

रेघा वाळल्या आणि गल्लीला स्वप्नं पडू लागली.

पहिलं कोणाला पडलं ते सांगता यायचं नाही. पण सगळ्यांना एकच पडायचं. समुद्र गल्लीतून वर यायचा. धावत नाही, ओरडत नाही, फार वर्षांनी माहेरी आलेल्या बाईसारखा, इकडे तिकडे बघत. उंबऱ्याशी जरा थांबायचा, मग आत यायचा. खुर्च्यांचे पाय भिजायचे. छतावर हिरवट उजेड हलायचा. टेबलाखालून एखादा खेकडा हिशेबी माणसासारखा आडवा चालत जायचा. आणि रेघेपाशी आला की समुद्र थांबायचा. कपातला चहा काठाशी थांबतो तसा, फुगून, थरथरून, पण थांबायचा.

सकाळी नळावर तीच बोलणी.

"काल किती आलं तुमच्याकडे?"

"रेघेला लागून. तुमच्याकडे?"

"रेघेपर्यंतच. एक मासा वर उडी मारू बघत होता, पण गेला परत खाली. शिस्तीचा निघाला."

शिंप्याच्या शेजारचा घड्याळजी सांगायचा, त्याची सगळी घड्याळं रेघेच्या वर कोरडी टिकटिकत असतात आणि खाली मासे कान देऊन ऐकतात. शिंपी सांगायचा, पाण्यात पाय सोडून मशीन चालवताना फार गार वाटतं. भीती कुणालाच वाटत नव्हती. ज्या समुद्राची भीती घालायला रेघ आली होती, तो समुद्र रेघेने पाळीव करून टाकला.

आईचं स्वप्न मात्र सगळ्यांहून वेगळं होतं. ते तिने लेकीला एका दुपारी सांगितलं, भाजी निवडता निवडता, जसं काही कोणी पाहुणा येऊन गेल्याचं सांगावं.

"तुझे बाबा येतात."

"कुठे?"

"घरी. मी पलंगावर पडलेली असते. खाली पाणी. माझ्या चपला बदकांसारख्या गोल गोल फिरत असतात. मग दारातून ते येतात. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात रंगाचा डबा. 'सरक जरा' म्हणतात आणि पलंगाच्या कडेला बसतात, पाय पाण्यात सोडून. कुठे कुठे पाट्या लिहिल्या ते सांगतात. तिकडे पण काम आहे म्हणे त्यांना भरपूर. जाताना विचारते, उद्या? म्हणतात, येतोच." आईने देठ मोडला. "गुडघ्याएवढ्या पाण्यातून त्यांना येता येतं गं. जास्त नको आणि कमीही नको. कमी झालं तर वाट बंद, जास्त झालं तर बसणार कुठे?"

स्वप्नात येणाऱ्या बापाबद्दल कोणी काय बोलावं? देव ज्याला जे देतो ते त्याच्या ओंजळीच्या मापाने देतो.

पण जागेपणीचा समुद्रही चढत होता. मोठ्या भरतीला पाणी आता आईच्या पायरीवर येऊन फेस सोडून जायचं. पायरीच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं होतं. वादळी महिने तोंडावर आले होते. रंगारणीने वरच्या घरातली मागची खोली रिकामी केली, खिडकीला पडदा लावला, आणि आईला न्यायला खाली आली.

"चल ना राहायला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? वादळं येतील. पाणी आत येईल."

"येईल की. पलंगाखाली थांबेल." आईने रेघेकडे बोट केलं. "तूच लिहिलंस. काळ्या दगडावरची रेघ आहे ती."

"आई, तो अंदाज आहे."

"अंदाज अंगठ्याएवढा जाड असतो का? अंदाज असता तर पेन्सिलने काढला असतास."

दारातून शिंपी म्हणाला, "आई हलली की आम्ही हललो. ती नाही तर आम्ही नाही. सरळ हिशेब."

"काका, तुम्ही तरी मध्ये बोलू नका."

"मी मध्ये कुठे बोलतोय? मी दारातून बोलतोय."

रंगारीण त्या दिवशी चढ चढून वर गेली नाही; धक्क्यावर गेली. पाणीबाईंची खोली समुद्रावर टांगल्यासारखी होती. जमिनीला एक गोल भोक, त्यात विहिरीसारखा अंधार, आणि अंधारात एक पोकळ गोळा समुद्राच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता. त्याला बांधलेली तार कागदाच्या पट्टीवर एक बारीक लाट काढत होती. तिथे उभं राहिलं की वाटायचं, कुणीतरी झोपलेलं आहे आणि आपण त्याच्या उशाशी आहोत.

"छातीएवढं येईल का?" रंगारणीने विचारलं.

"सांगता येत नाही."

"नाही येणार असं म्हणता येतं?"

"तेही येत नाही."

"माझ्या आईला वाटतं, ती रेघ म्हणजे वचन आहे."

पाणीबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे एकदम लहान मुलीचे दिसले. "आमच्यात रेघेला वचन म्हणत नाहीत," त्या हळू म्हणाल्या.

"आमच्यात म्हणतात."

तिथून ती कचेरीत गेली. माहितीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं, स्वतः प्यायले.

"रेघ बदलायची म्हणता? आणि मग लोक काय म्हणतील ठाऊक आहे? तेव्हाचं खोटं होतं तर आताचं कशावरून खरं? एवढ्या वर्षांत एक गोष्ट त्यांच्या गळी उतरली, तीही काढून घ्यायची?" ते खिडकीपाशी गेले. "मला काय हौस होती का मधला आकडा घ्यायची? त्यांना वाचवायचं होतं मला."

"आई तर त्याच रेघेपायी हलत नाहीये, साहेब."

मग ते पाठमोरेच म्हणाले, "आईचं घर तुमचं. आपल्या घराची भिंत कोण कशी रंगवतो, ते कचेरी विचारायला येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई प्रार्थनेला गेली तेव्हा रंगारीण घरात शिरली. पॉलिश पेपर घेऊन रेघ घासू लागली. रेघ सहज जाईना. चांगल्या रंगाची होती, चांगल्या हाताची होती. निळी धूळ उडून तिच्या पापण्यांवर बसली, आणि खोलीतला उजेडच निळसर झाला. मग तिने चुन्यात निळा कालवला. जमिनीलगत घट्ट लावला, वर जाताना पाणी घालत गेली, आणखी पाणी, आणखी. गुडघा गेला, कंबर गेली, छातीच्या उंचीला आल्यावर नुसता ओला बोळा फिरवला. तिथे निळा इतका विरळ झाला की आरशावर सोडलेला श्वास जसा.

तिला जड गेलं. पाटी रंगवणाऱ्याला काठाशिवाय दुसरं काय येतं? अक्षर म्हणजे काठच की. जन्मभर हाताला शिकवलं, इथे रंग आहे आणि इथे नाही. आज हाताला सांगायचं होतं, कुठे नाही ते मला ठाऊक नाही. ती मागे सरून बघायची, आणि तिचीच नजर निळा कुठे संपतो ते शोधत वर चढायची, चढायची, आणि पांढऱ्यात हरवून खाली यायची.

आई परत आली ती गुणगुणत. दारात गाणं थांबलं.

"हे काय?"

"आई, आधी बस."

"बसायला सांगावं लागेल असं काय केलंस?"

"रेघ काढून टाकली."

आई आत आली. तळवा भिंतीवर ठेवला आणि हळूहळू वर नेत गेली. "कुठे थांबतं हे?"

"ठाऊक नाही."

"कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही. आकडे तीन होते. मला मधला दिला, मी मारला. मी विचारलं ते फक्त किती जाड."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"अर्धं खरं लिहिलं."

"अर्ध्या खऱ्याची पाटी तुझ्या बापाने हातात घेतली नसती." आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ती पलंगावर बसली आणि पलंगाखाली पाहू लागली, जिथे आता रेघ नव्हती. "ते कुठून येतील आता? कुठवर विजार दुमडतील? एकदा देवाने नेलं, ते सोसलं मी. दुसऱ्यांदा तू घालवलंस."

रंगारणीने डबे उचलले. तिच्या पापण्यांवरची निळी धूळ आता भिजली होती.

माहितीसाहेब बोलले होते तसंच झालं. बातमी गल्लीभर गेली, आणि जो तो आईची भिंत बघायला आला. शिंप्याने बोट लावलं आणि वर वर नेत गेला. "बोट कुठे थांबवू, पोरी? बिनकाठाचं कापड उसवत जातं, माहीत आहे ना?"

"काल गुडघा, आज छाती," घड्याळजी म्हणाला. "उद्या डोक्यावर नेऊन टोपी काढायला लावाल."

"नगराचं घड्याळ कसं, कधी पुढे कधी मागे. यांचा समुद्र तसाच," तिसऱ्याने जोडलं.

पण एकदा बघून आलेल्या माणसाला आपल्या घरातली रेघ पूर्वीसारखी दिसेना. तो तिच्याकडे बघायचा आणि तिच्या वर बघायचा. आणि मग स्वप्नं बिघडली. शिंप्याकडे पाणी गळ्यापर्यंत आलं, मापाची फीत सापासारखी तरंगत गेली. घड्याळजीच्या स्वप्नात नुसता उंबरा ओला झाला. कुणाकडे पाणी आलंच नाही, पण लांबून त्याचा आवाज येत राहिला, येत राहिला. नळावर भांडणं व्हायला लागली.

"गळ्यापर्यंत? काहीतरीच. माझं घर तुमच्या शेजारी आहे."

"म्हणजे मी खोटं स्वप्न बघतो?"

"तुम्ही जेवून लगेच झोपता."

आईला स्वप्नच पडेनासं झालं. ती कोणाशी बोलत नव्हती. सकाळी प्रार्थनेला जायची, यायची, खिडकीत बसायची. लेक रोज खाली यायची, पायरीवर बसायची, आणि दोघींच्या मध्ये ती खिडकी उघडी असायची.

शेवटी शिंपीच वैतागला. "त्या बाईंनाच बोलवा. मोजतात ना त्या? मग सांगू दे त्यांना कोणाचं खरं."

बघा, इतकी वर्षं सभा झाल्या, पण गल्लीने आपणहून कुणाला बोलावलं ते हे पहिल्यांदा. रेघेला कोणी काही विचारत नाही. ती उत्तर घेऊनच उभी असते. त्या धुकट निळ्याला मात्र विचारल्याशिवाय राहवेना.

पाणीबाई संध्याकाळी आल्या. शिंप्याने बाकावरचे कपडे बाजूला सारून त्यांना जागा केली. माहितीसाहेबही आले होते, पण लांब, खांबाला टेकून, लग्नात रुसलेल्या काकांसारखे.

"माझ्याकडे गळा, याच्याकडे उंबरा," शिंप्याने सुरुवात केली. "कोणाचं खरं?"

"दोन्ही होऊ शकतं," पाणीबाई म्हणाल्या.

"झालं! म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."

"चढणार हे ठाऊक आहे. त्यात कदाचित नाही. किती आणि कधी, एवढंच धुकट आहे."

"म्हणजे देवाच्या हातात," कुणीतरी म्हणालं.

"थोडं त्याच्या म्हणा. थोडं माणसांच्या. जगभर धूर जितका कमी सुटेल तितकं पाणी खाली राहील. पण जे निघालं आहे ते अर्ध्या वाटेवरून परत जायचं नाही."

प्रश्न येत राहिले. वारा उलटा सुटला तर? भिंत बांधली तर? बर्फ इतकं लांब, त्याचं पाणी आमच्याच गल्लीत का? पाणीबाई एकेकाला उत्तर देत होत्या, आणि जिथे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणत होत्या. पहिल्यांदा ते म्हणाल्या तेव्हा लोक हसले. मग हसेनासे झाले. मग एकदोघं ओट्यावरून उठून त्यांच्या जवळ येऊन बसले.

एवढ्यात समोरून, म्हणजे आईच्या खिडकीतून, आवाज आला.

"बाई, आकडे पुरे झाले."

सगळे वळले. आई गजांना धरून उभी होती.

"तुमची आई या घरात असती तर?"

पाणीबाई गोंधळल्या. "आमच्या कामात स्वतःला काय वाटतं ते धरत नाहीत."

"मी काम विचारलंच नाही."

पाणीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी तिला नेलं असतं," त्या म्हणाल्या. "याच आठवड्यात. ऐकलं नसतं तर उचलून नेलं असतं. आणि मग पाणी घोट्याएवढंच आलं असतं, तर तिने मला वर्षभर बोल लावला असता. तो मी आनंदाने खाल्ला असता."

खाली समुद्र पायरीशी काहीतरी पुटपुटत होता.

"मग हे सभेत का नाही बोललात?" आईने विचारलं.

"कुणी विचारलं नाही. आणि मला वाटायचं, मधे माझं मन आलं की खरं गढूळ होतं."

"आम्ही मनच बघतो, बाई. आकडा आम्हाला कुठे वाचता येतो."

खांबापाशी माहितीसाहेब खाकरले. "आई, चूक माझी आहे. मला वाटलं तुम्हा लोकांना 'कदाचित' झेपणार नाही."

"साहेब," आई म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या आवाजात हसू आलं, "रात्री पडताना देवाला म्हणते, उद्या उठवलंस तर तुझं नाव घेईन. उठवतो की नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही मला. सगळा जन्म कदाचितवर काढला, आणि तुम्ही म्हणता झेपणार नाही!"

हशा झाला. माहितीसाहेबही हसले, आणि खांब सोडून बाकापाशी आले. शिंप्याने त्यांच्यासाठीही कपडे सरकवले.

लेक आत गेली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. संध्याकाळच्या उजेडात तो निळा खरोखरच हलल्यासारखा दिसत होता. जमिनीशी गडद, आणि वर वर इतका हलका की भिंत आणि हवा वेगळी सांगता येऊ नये.

"तू माझ्यावर रागावली होतीस," लेक म्हणाली.

"होते. अजून आहे थोडी." आईने तळवा भिंतीवर ठेवला. "पण एक सांगू? ठाऊक नाही म्हणालीस ना, ते तोंड तुझ्या बाबांचं होतं. न चाखता 'ताजं' लिहायला सांगितलं की असंच करायचे." जरा थांबून ती म्हणाली, "मी येते. पण त्यांचं काय?"

"म्हणजे?"

"ते आले तर? पाणी कितीही असो, ते यायचे तर येतीलच. घर रिकामं दिसलं तर माणसाने काय समजावं?"

लेकीने क्षणभर विचार केला. मग पिशवीतून कुंचला काढला. "पाटी लिहू."

सकाळी सामान वर गेलं. गल्लीतली पाच-सहा माणसं लागली, आणि त्यांनी पलंगाला मणभर नावं ठेवली. रंगारीण दारासमोर चौरंगावर उभी राहिली. आईने जागा दाखवली, बरीच उंच.

"इथे लिही. त्यांच्या डोळ्यांना लागेल अशी. आणि तुझ्या बापाची अक्षरं काढ, तुझी फार बारीक असतात."

"काय लिहू?"

"'लेकीकडे राहायला गेले आहे.' मग पत्ता. टेकडीवर, शेवटच्या वळणाला, हिरवं दार."

"कायमची गेले, असं लिहू?"

आईने समुद्राकडे पाहिलं, मग पायरीवरच्या शेवाळाकडे. "नको. ते मला कुठे ठाऊक आहे? 'सध्या' लिही."

लेकीने 'सध्या' लिहिलं. काळ्या रंगात, ताठ कण्याचं, काठ अगदी स्वच्छ.

शिंपी आपल्या दारात उभा राहून बघत होता. हातातली कात्री उगाच उघडत होता, मिटत होता. "पोरी, रंग उरलाय का?"

"आहे की. तुमचं काय लिहू, काका?"

"लिही, 'शिवायला टाकलेले कपडे आठवडाभरात घेऊन जावेत.'" त्याने घसा साफ केला. "कुठे चाललो ते लिहू नकोस. भावाला अजून विचारलेलं नाही."

"आणि तो नाही म्हणाला तर?" आईने विचारलं.

"तर तुमच्या लेकीच्या मागच्या खोलीत मशीन मांडतो. तुम्ही रोज मला आई म्हणायला लावता, त्याची भरपाई."

आईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पाटी वाळली का ते तिने कडेला करंगळी लावून पाहिलं. मग मागे सरकून ती मोठ्याने वाचली, एकेक शब्द सुटा करून, लांबून येणाऱ्या आणि जरा कमी ऐकू येणाऱ्या माणसाला वाचून दाखवावी तशी. आणि चपला पायात सरकवून लेकीच्या हाताला धरून चढ चढू लागली.